एक लव्हाळा, दोन फटके

गंगाखेडच्या ज्या शाळेत मी सध्या खेळाची बाई आहे, तिथं पोरं मला पाठीमागं 'गोल्फ मॅडम' म्हणतात. तोंडावर नुसतं 'मॅडम'. शाळेत गोल्फ नाही. मैदानही धड नाही, अर्ध्यात शाळेच्या गाड्या उभ्या असतात. मी कबड्डीची शिट्टी वाजवते, पंधरा ऑगस्टला पोरांना रांगेत चालायला शिकवते. कुणी पाहुणे आले की हेडसर मला ऑफिसात बोलावतात आणि सांगतात, या मॅडम मोठ्या खेळाडू होत्या बरं का. होत्या! मी तेहतीस वर्षांची आहे. पाहुणे विचारतात, मग सोडलं कामून? मी म्हणते, जमलं नाही. एवढ्यावर लोकांचं भागतं.

गावात मात्र असं मोघम चालत नाही. राणीसावरगावच्या रस्त्यावर आमचं गाव आहे. तिथं कुणालाही विचारा, सांगतील, बापानं पोरीचा खेळ बुडवला. गवताची एक काडी उपटली अन् पोरगी घरी बसली. ही गोष्ट गावभर करणारा माणूस कोण, तर खुद्द माझा बाप. आणि ती अर्धी खोटी आहे हे माहीत असलेली बाई कोण, तर मी. दोन वर्षं मी ती ऐकून घेतली. आता लिहायला बसले आहे ती काही मोठी हिंमत आली म्हणून नाही. आतल्या आत सडून सडून जीव बेजार झाला म्हणून.

मी पाच वर्षांची असताना दादा, म्हणजे माझे वडील, कामाच्या शोधात पुण्याकडं गेले आणि एका गोल्फ क्लबात माळी म्हणून चिकटले. मागनं मायला अन् मला नेलं. क्लबाच्या भिंतीला लागून माळ्यांच्या खोल्या होत्या. पंचवीस वर्षं दादांनी एकच काम केलं, ग्रीन राखायचं. ग्रीन म्हणजे जिथं जमिनीत भोक असतं आणि बॉल शेवटी त्यात ढकलायचा असतो, ती गवताची जागा. अशा एका भोकाला होल म्हणतात, असे अठरा होल खेळायचे असतात आणि ज्याला फटके कमी लागतील तो वर. ते गवत दुसरं तिसरं काही नसतं, आपली हराळीच असते, पण चटईसारखी बारीक कापलेली. शेतात हराळी शिरली की शेतकरी डोक्याला हात लावतो आणि तिथं तिला पाळण्यातल्या लेकरासारखं जपतात. दादांना याचं लय हसू यायचं.

त्या हराळीचा वैरी म्हणजे लव्हाळा. त्याला जमिनीत हरभऱ्याएवढी गाठ असते. वरनं पान तोडलं तर आठ दिवसांत एकाचे चार होतात. म्हणून माळी उकिडवा बसतो, दोन बोटं मातीत घालतो आणि हळूहळू ओढून गाठीसकट बाहेर काढतो. काढलेला लव्हाळा तिथं टाकायचा नसतो, पडल्या जागी पुन्हा फुटतो. तो खिशात घालायचा आणि बाहेर नेऊन जाळायचा. दादांच्या एकूण एक सदऱ्यांचे खिसे मातकट असायचे आणि माय धुताना त्या खिशांच्या नावानं खडे फोडायची. रस्त्यानं चालताना, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या आवारात, कुठंही लव्हाळा दिसला की दादा बोलता बोलता खाली बसायचे आणि उठायचे. आपण काही केलं हे त्यांच्या ध्यानातही नसायचं.

मी त्या क्लबात बॉल वेचत मोठी झाले. सरावाच्या मैदानावर साहेबलोक टोपलीभर बॉल मारून जायचे, आम्ही माळ्यांची पोरं ते गोळा करायचो. संध्याकाळी मैदान रिकामं झालं की एका मोडक्या काठीनं मी ते मारायची. एका म्हाताऱ्या मॅडमनी बघितलं, कुणाकडं तरी शब्द टाकला, आणि माझं शिकणं सुरू झालं. पुढचं सगळं लांबवत नाही. बाविसाव्या वर्षी मी व्यावसायिक झाले. कार्ड मिळालं.

हे कार्ड म्हणजे काय ते सांगते, कारण माझी सगळी जिंदगी त्याच्यावरच टांगलेली होती. कार्ड म्हणजे वर्षभराच्या स्पर्धा खेळायचा परवाना. वर्षात बरं खेळलात तर पुढच्या वर्षी राहतं. नाही खेळलात तर जातं, आणि मग वर्षाच्या सुरुवातीला तीन दिवसांची चाचणी द्यावी लागते. त्यात वरच्या ठरावीक मुलींना कार्ड, बाकीच्यांनी घरी जायचं. कार्ड आहे तोवर तुम्ही खेळाडू. नाही तर काठ्यांची पिशवी घेऊन फिरणारी एक बाई, जिला आई-बाप अजून लग्नाचं विचारायला बिचकतात.

मी कधीच पहिल्या पाचात नव्हते. पण आठ वर्षं कार्ड टिकवलं. कधी रडत, कधी कुंथत, कधी शेवटच्या स्पर्धेतल्या शेवटच्या होलवर. फोटो दुसऱ्यांचे यायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही हे म्हणणं खोटं आहे, वाटायचं, जळून खाक व्हायची मी. पण सकाळी दवात भिजलेल्या गवतावरनं पहिला बॉल उडाला की ते सगळं मसणात जायचं. मला ते करता येत होतं. जगात एवढी एकच गोष्ट मला करता येत होती.

मग दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. क्लबानं गवताचं काम ठेकेदाराला दिलं, जुने माळी घरी बसले आणि आम्हाला खोली सोडावी लागली. त्याच वर्षी माझी कंबर धरली, निम्म्या स्पर्धा गेल्या आणि कार्ड जाणार हे नक्की झालं. दादा म्हणाले, "चल बाई गावाकडं. चाचणीला हायेत अजून सात महिने. तिथं खेळ." मी ओरडले, "तिथं कुठं खेळू? ढेकळात?" ते म्हणाले, "करतो म्या काई तरी."

आणि त्यांनी केलं हो! घरामागं विहिरीजवळ चार गुंठे जमीन होती. ती त्यांनी वखरली, चाळून घेतली, पाणी दाखवून बसवली आणि तिच्यात हराळी लावली. पाइपात सिमेंट भरून रूळ केला, तो रोज सकाळी ओढायचे. विळा घासून घासून असा केला की गवत वस्तऱ्यानं काढल्यासारखं निघायचं. रस्त्यानं जाणारे लोक थांबायचे. "आरं, दुनिया हराळी काढायला बाया लावायलीय, अन् हे येडं हराळी लावायलंय!" दादा हसायचे आणि रूळ ओढायचे. सकाळी अंघोळ करून, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, कपाळाला भस्म लावायचं आणि मग थेट ग्रीनवर. वाळूतले फटके मारायला मी गंगाखेडला गोदावरीच्या पात्रात जायची. कपडे धुणाऱ्या बाया म्हणायच्या, "कशाला वाळू उडवायलीस गं माय, डोळ्यात जायलीय." लांबचे फटके पडीक रानात. त्या सात महिन्यांत मी जेवढी चांगली खेळले तेवढी कधीच खेळले नव्हते. हे मी गर्वानं सांगत नाही, हळहळ म्हणून सांगते आहे.

चाचणी दक्षिणेतल्या एका शहरात होती. काठ्यांची पिशवी उचलायला आणि सोबत चालायला खेळाडूबरोबर एक माणूस असतो, त्याला कॅडी म्हणतात. दादा म्हणाले, मीच येतो. मला आनंद झाला. परभणीहून गाडीत बसल्यापासून मी त्यांना नियम शिकवत होते. दुसरीचा बॉल जायच्या वाटेवर पाय द्यायचा नाही. कुणी मारत असताना हलायचं नाही. बॉलला हात लावायचा नाही, काहीही झालं तरी लावायचा नाही, हे तर शंभर वेळा सांगितलं. दादा पोरासारखे मान डोलवायचे. गवताला हात लावायचा नाही हे सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. पंचवीस वर्षं दादांचं अन् गवताचं जे चाललं होतं, त्यात मी काय बोलणार होते?

पहिले दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी पंधराव्या होलजवळच्या फळ्यावर बघितलं, तर कार्डाची रेषा माझ्या खाली होती. मी एका फटक्यानं आत होते. तीन होल राहिले होते. दादांना फळा वाचता येत नव्हता, पण माझ्या चेहऱ्यावरनं त्यांना कळलं. म्हणाले, "सावकाश बाई. घाई करू नको."

सोळाव्या होलवर माझा दुसरा फटका थोडा भरकटला आणि बॉल ग्रीनच्या बाजूला वाढलेल्या गवतात जाऊन बसला. माझ्या जोडीला खेळणारी मुलगी आणि तिचा कॅडी पलीकडं वाळूच्या खड्ड्यात होते, दिसतही नव्हते. मी चार पावलं पुढं जाऊन भोक कुठं आहे ते बघून घेतलं आणि मागं वळले. दादा माझ्या बॉलमागं उकिडवे बसले होते. दोन बोटं मातीत गेली, बाहेर आली. बॉलच्या बरोबर पाठीमागं एक जाड, तिधारी लव्हाळा वाढला होता. त्यांनी तो गाठीसकट काढला, माती झटकली आणि खिशात घातला. उठले. आमची नजरानजर झाली. ते माझ्याकडं बघत उभे राहिले. मी मान खाली घातली आणि पिशवीतनं काठी काढली.

आता गोल्फचा हा एक नियम लेकराला कळेल असा आहे. बॉल जिथं पडला तिथनं, जसा पडला तसा मारायचा. वाळलेलं पान, सुटी काडी उचललेली चालते. पण जमिनीत उभं असलेलं काही बॉलजवळनं उपटायचं नाही. कॅडीनं उपटलं तरी खेळाडूनंच उपटलं असं धरतात. दंड दोन फटके. आणि या खेळात तुमच्या मागं पंच फिरत नाही. चूक झाली की आपणच हात वर करायचा, आपणच सांगायचं, माझ्याकडनं असं झालं. मी आठ वर्षांत तीन वेळा असं सांगितलं होतं. लोकांनी पाठ थोपटली होती. बाई प्रामाणिक आहे म्हणाले होते.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. कुणी बघितलं नव्हतं. तो लव्हाळा तिथं असता तर काठी त्याच्यात अडकली असती, बॉल कुठंही गेला असता. नव्हता, म्हणून काठी स्वच्छ आत गेली, बॉल हलकेच उडाला आणि भोकापासून हातभर अंतरावर थांबला. चारात होल संपला. दादांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि नियम आठवून पुन्हा खाली घेतले. मला वाटलं, यांना कळलंच नाही आपण काय केलं ते. बरंच झालं. दोन होल काढायचे, मग बघू.

शेवटचा होल लांब होता आणि ग्रीनच्या अलीकडं तळं होतं. तळ्यावरनं एका फटक्यात जायची माझी ताकद होती. गेले असते तर एक फटका वाचण्याची आशा होती. पण मी रेषेच्या आत आहे असं धरून चालले होते ना! आतल्या माणसानं कशाला जोखीम घ्यायची? मी तळ्याच्या अलीकडं थांबले, पुढचा फटका अलगद पलीकडं टाकला आणि पाचात होल संपवला. अजूनही झोप लागत नाही तेव्हा मी ते तळं ओलांडते. दर वेळी बॉल पलीकडं पडतो.

होल संपले की एका तंबूत बसून प्रत्येक होलचे फटके ताडून बघायचे आणि कागदावर सही करायची असते. सोळाव्यापुढं चारचा आकडा होता. मी त्याच्याकडं बघितलं. तिथं सहा लिहायला पेन हातात होतंच. मी सही केली.

बाहेर आले तर दादा स्पर्धेच्या एका अधिकाऱ्याशी बोलत उभे होते. हसून, अदबीनं, आमच्या इकडच्या हिंदीत. "साहब, बुरा मत मानो. मैं भी मालीच है. सोला नंबर के बाजू में मोथा घुसा है तुमारे. अभी एकच है, पर फैलेगा." आणि त्यांनी खिशात हात घालून तो लव्हाळा बाहेर काढला. तळहातावर ठेवून दाखवला, गाठीसकट, मुळ्यांसकट. दुसऱ्याच्या ग्रीनवर दिसलेला लव्हाळा त्या माळ्याला दाखवायचा, ही माळ्यांची रीत. दादा पंचवीस वर्षं ती पाळत आले होते. अधिकारी आधी हसला. मग त्याचं हसू गेलं. "ये कहाँ से निकाला, चाचा?"

"बच्ची के बॉल के पीछे से," दादा म्हणाले. केवढ्या अभिमानानं म्हणाले ते!

तो अधिकारी भला माणूस होता. मला बाजूला घेतलं, पण दादा दोन हातांवरच होते. त्यानं मला नीट समजावून सांगितलं. सही करण्याआधी तुम्हाला हे माहीत नसेल, तर फक्त दोन फटके वाढतील. माहीत असून सही केली असेल, तर तुम्ही स्पर्धेतनं बाद, आणि वर चौकशी. मग विचारलं, तुम्ही बघितलं होतं का?

दोन फटके वाढले की मी रेषेच्या बाहेर जात होते. एका फटक्यानं. म्हणजे खरं बोलले काय अन् खोटं बोलले काय, कार्ड गेलंच होतं. गेलं होतं! मग निदान खरं बोलायला काय झालं होतं माझ्या जिभेला? पण मी म्हणाले, "नाही. मी दुसरीकडं बघत होते." तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. दादांकडं बोट केलं आणि म्हणाले, "ह्यांनी मला सांगितलं नाही. ह्यांना खेळातलं काही कळत नाही. हे माळी आहेत."

अधिकारी दादांकडं वळला. "चाचा, बेटीने देखा था?"

दादांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांचा हात गळ्यातल्या डबीवर गेला आणि तिथंच राहिला. "नै साहब. उसने नै देखा. गलती मेरी." जन्मात या माणसाला दुकानदाराशीसुद्धा खोटं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

खोटं बोलून मी काय कमावलं? फळ्यावर माझ्या नावापुढं 'बाद' लिहिलं गेलं नाही. आकडा लिहिला गेला. तेवढ्यासाठी.

परतीच्या गाडीत दादा खिडकीशी बसून होते. खरं सांगते, तेव्हा मला लाज वाटत नव्हती, राग येत होता. कार्ड यांच्यामुळं गेलं, असंच वाटत होतं मला. तो लव्हाळा उपटायला कुणी सांगितलं होतं? उपटला तर उपटला, मिरवायला कुणी सांगितलं होतं? घरी आल्यावर मायनं विचारलं, काय झालं. मी म्हणाले, "यांनाच विचार. हात दाखवून अवलक्षण केलं यांनी." मायनं त्यांच्याकडं बघितलं. दादा म्हणाले, "व्हय. माझ्याच हातानं गेलं."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी शाळेच्या नोकरीचं बघायला मी गंगाखेडला गेले होते. संध्याकाळी परत आले तर घरामागचं ग्रीन नांगरलेलं होतं. दादा ढेकळं फोडत होते. मला म्हणाले, "मिरगाला तूर टाकावी म्हनलं." मी हो म्हणाले आणि आत गेले.

आणि मग सुरू झालं ते सांगणं. हॉटेलात, पारावर, सोमवारी महादेवाच्या देवळात, कुणी नुसतं विचारायचा अवकाश, "पोरीचं काय झालं हो खेळाचं?" की दादा सांगायला लागायचे. सगळं सांगायचे. ग्रीन, लव्हाळा, साहेब. आणि शेवटी, "तिची काई चूक न्हाई बगा. तिनं तर बघितलंबी न्हाई. मी येडा माणूस, माझ्या हातानं लेकराचं वाटोळं झालं." लोक च् च् करायचे. माझ्याकडं कीव करून बघायचे आणि त्यांच्याकडं कसं बघायचे ते मी सांगत नाही. आणि मला, कर्म माझं, मला पहिले पहिले बरं वाटायचं. कुणीतरी माझ्या बाजूनं आहे असं वाटायचं.

पुढच्या वर्षी मी एकटीच चाचणीला गेले. ग्रीनजवळच्या गवतात बॉल गेला, मी काठी घेऊन उभी राहिले आणि नजर बॉलमागच्या गवतात अडकली. साधा फटका, झोपेत मारीन असा. बॉल चार बोटं सरकला. पुन्हा मारला, पलीकडं वाळूत गेला. त्या एका होलवर मी नऊ फटके घेतले. पहिल्याच दिवशी गाशा गुंडाळून परत आले. काठ्या माळ्यावर टाकल्या. त्यांना गंज चढला असेल, मी बघितलेलं नाही. सकाळी दव पडलेलं गवत दिसलं की मी दुसऱ्या बाजूनं चालते. मला जे एक करता येत होतं तेही आता येत नाही, आणि दुसरं काही शिकायचं वय गेलं. लोक म्हणतात, हिंमत धर. कशाच्या जिवावर धरू?

गेल्या महिन्यात दादांना डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला गंगाखेडला आणलं होतं. दुपारी स्टँडवर आमच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी पाथरीकडचा एक माणूस होता, बोलका. कुठले, काय, करता करता विषय पोरीवर आला. दादांनी सुरू केलं. मी मोबाइलमध्ये तोंड घालून बसले. सगळं ऐकून तो माणूस म्हणाला, "काय मामा, म्हातारपणी अक्कल गहाण ठेवली व्हती का तुमी? लेकराचा जलम वाया घातला की."

दादा मान खाली घालून म्हणाले, "व्हय बाबा. घातला."

तो माणूस तंबाखू थुंकायला उठून गेला, आणि मी मोबाइल खाली ठेवला. मी म्हणाले, "दादा, बास करा. बास! मी बघितलं व्हतं. तुमी उपटताना मी बघितलं व्हतं. साहेबाला मी खोटं सांगितलं."

दोन वर्षं मला वाटत होतं, हे ऐकल्यावर ते कोसळतील, चिडतील, निदान रडतील. दादांनी डोळ्यांवरचा नवा काळा चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. "तुझ्याकडंच तर बघायलो व्हतो म्या. म्हनलं, काई चुकलं तर बाई सांगंल. तू काई बोलली न्हाईस. मला वाटलं, चालतंय. न्हाईतर साहेबाला कामून दाखवला असता?"

मी नुसती मान खाली घातली नव्हती, मी त्यांना होकार दिला होता. त्या होकाराच्या भरवशावर ते साहेबापुढं हसत गेले होते. आणि तिथं मी म्हणाले होते, हे माळी आहेत, यांना काही कळत नाही. हे सगळं त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. परतीच्या गाडीत खिडकीशी बसले तेव्हा माहीत होतं. ढेकळं फोडताना माहीत होतं. दोन वर्षं गावभर स्वतःला येडा म्हणून घेताना माहीत होतं.

"मग तुमी लोकांना असं कामून सांगत फिरता दादा?" मी रडत विचारलं.

"हळू बोल. लोकं बघायलेत." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "लोकं ईचारनारच. काई तरी सांगावंच लागतंय. माझ्या नावानं बोलले तर काय, म्या म्हातारा माणूस. तुला शाळेत लेकरापुढं उभं ऱ्हायचंय. तू आता हे कुनाला सांगू नको."

मी म्हणणार होते, सांगीन. सगळ्या गावाला सांगीन. आत्ता त्या माणसाला सांगीन. तेवढ्यात तो परत आला, तोंड पुसत शेजारी टेकला आणि मघाचा धागा पकडून मला म्हणाला, "ताई, खरंच तुमी बघितलं न्हाई का ओ, मामा काय करायलेत ते? जरा ध्यान असतं तर वाचलं असतं."

दादा माझ्याकडं बघत होते.

"न्हाई," मी म्हणाले. "मी दुसरीकडं बघत व्हते."